सोवळ्यातलं वायफाय

घंटा वाजली की दाबायचं, असं ठरलं होतं.

मी माडीवर प्रिंटरसमोर उकिडवा बसलो होतो. पोटात पुरणाचे धोंडे, कपाळावर सासूबाईंनी लावलेलं कुंकू, डाव्या हातात प्रिंटरचं माहितीपत्रक आणि उजवा अंगठा बटणावर. कुंकू घामानं ओघळत नाकाच्या शेंड्यापर्यंत आलं होतं, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

माझ्या शेजारी माझे साडू अभिरामराव उभे होते. मागे आरामखुर्चीत आमचे सासरे, नाना, हातपंख्यानं वारा घेत होते. तिघांचेही कान खाली, देवघराकडे.

"वाजली का?" अभिरामरावांनी विचारलं.

"वाजली असती तर दाबलं असतं ना."

"नाही, तुमचं लक्ष आहे ना, एवढंच विचारलं."

तेवढ्यात वाजली. मी दाबलं. प्रिंटरचा निळा दिवा लुकलुकायला लागला. खालचा राउटर आणि वरचा प्रिंटर, दोघांची बटणं दोन मिनिटांच्या आत दाबली की ते एकमेकांना ओळखतात, असं माहितीपत्रकात लिहिलं होतं. आम्ही दिव्याकडे बघत राहिलो. एरवी एवढ्या एकाग्रतेनं मी बायकोकडेही बघितलेलं नाही. दिवा लुकलुकला, लुकलुकला आणि नारिंगी झाला.

"गेलं," नाना म्हणाले. वाईट वाटल्यासारखे म्हणाले, पण पंख्याचा वेग वाढला होता.

याला आता बरीच वर्षं झाली. अधिक महिना भर उन्हाळ्यात आला होता आणि कुरुंदवाडला सासुरवाडीत आम्हा दोन्ही जावयांना धोंड्याच्या जेवणाला बोलावलं होतं. अधिक महिन्यात जावई हा विष्णू असतो. त्याला पाटावर बसवतात, ओवाळतात, दिव्यासकट तेहेतीस अनारसे देतात आणि मुख्य म्हणजे त्या दिवशी त्याचं काही चुकत नाही. एरवीही चुकत नाही, पण त्या दिवशी अधिकृतपणे चुकत नाही.

अभिरामराव थोरले. पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर. मी धाकटा. सांगलीत ऑफिसच्या खुर्च्या आणि कॉम्प्युटरची टेबलं विकतो. नाना पाहुण्यांना आमची ओळख करून देताना म्हणायचे, "एक जावई कॉम्प्युटरच्या आतला, एक कॉम्प्युटरच्या खालचा." त्यांच्या हिशेबी दोघांच्या मध्ये जे काही असेल ते सगळं आम्हाला येत होतं.

प्रिंटर अभिरामरावांनी दिवाळीत नानांना भेट दिला होता. तो ज्या टेबलावर होता ते टेबल मी लग्नात दिलेलं. दिवाळीपासून प्रिंटरवर क्रोशाचं झाकण आणि झाकणावर चकलीचा सोऱ्या, अशी त्याची स्थापना झालेली होती. कुणी त्याला हात लावला नव्हता आणि कधी लावला गेलाही नसता, जर जेवताना सासूबाईंनी कोल्हापूरचा विषय काढला नसता.

सासूबाईंचं नाव कुंदा. त्यांचं मेतकूट हा आमच्या अख्ख्या नातेवाइकांचा अशक्तपणावरचा उपाय. पस्तीसेक वर्षं त्या ते डबे भरभरून वाटत होत्या. आता त्या शेजारच्या मगदूमवहिनींच्या बचत गटात गेल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात गटांचं प्रदर्शन होतं. त्यात त्यांना एक टेबल मिळालं होतं. आयुष्यातलं पहिलं. माजघरात मेतकुटाची पाकिटं भरून रचलेली होती आणि चार वाजता गटाचा टेंपो मगदूमांच्या कोपऱ्यावरून निघणार होता. त्यात माल चढला तर टेबल त्यांचं, नाहीतर यादीतल्या पुढच्या बाईचं.

वाढता वाढता त्यांनी हे सगळं सांगितलं, तूप वाढावं तसं, थोडं थोडं. सांगत होत्या आम्हाला, पण ऐकवत होत्या नानांना.

नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. ते कशालाच नाही म्हणत नसत. ते अट घालत. नाही म्हटलं की भांडण होतं, अट घातली की नुसती फाईल होते, हे त्यांनी खात्यात शिकून घेतलं होतं. रेवतीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, नोकरीलाही त्यांनी नकार दिला नव्हता. फक्त ऑफिस घराच्या हाकेच्या अंतरावर पाहिजे, एवढंच म्हणाले होते. ऑफिस मिरजेत होतं.

त्यांनी भाताचा घास गिळला आणि पंधरा दिवस घरात म्हणत होते तेच पुन्हा म्हणाले, "जाऊ दे की कोल्हापूरला. माझी काय हरकत आहे? पण करंबेळकरांचं नाव हातानं खरडून बाजारात जाणार नाही. छापील लेबल पाहिजे. छापील लेबल लागलं की खुशाल जाऊ दे."

अभिरामरावांच्या बायकोनं, अनघानं, लेबल कधीच मोबाइलवर तयार करून ठेवलं होतं. सुबक महिरप, मधे 'करंबेळकर यांचे घरगुती मेतकूट'. नानांनी ते बघून पास केलं ते मात्र त्या दिवशी सकाळी. पण छापणार कुठे? गावातला रंगीत झेरॉक्सवाला त्या दिवशी इचलकरंजीला धोंडा खायला गेला होता. त्याचा भाऊ दुकान उघडू शकला असता, पण तोही जावई होता आणि तोही गेला होता. हे नानांना पक्कं ठाऊक होतं. सकाळीच त्यांनी दुकानावरून चक्कर मारली होती.

सासूबाईंनी धोंड्यांचं ताट उचललं. मग अभिरामरावांच्या पानात आणखी एक धोंडा ठेवत म्हणाल्या, "मग घरातलं मशीन आहे की. जावईबापू जोडतील. दोघं दोघं आहेत."

नानांचा हात ताटातच थांबला. जावयांना जमणार नाही, असं म्हणायची त्यांची छाती नव्हती. अधिक महिन्यात तर नाहीच नाही.

"हो, मग," ते म्हणाले. "ते काय, हातचा मळ आहे त्यांचा."

अशा रीतीनं आम्ही माडीवर गेलो.

सुरुवातीला अभिरामराव फार खुशीत होते. "सिंपल आहे," म्हणाले. हा शब्द ते दुपारभर वापरत होते, फक्त आवाज खाली खाली येत गेला. वायर जोडून काम झालं असतं, पण वायर खोक्यात नव्हती. ती वेगळी घ्यावी लागते, हे त्यांना भेट देताना माहीत नव्हतं. वायफायचा पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता. तो केबलवाल्यानं एकदा मुलींच्या मोबाइलमध्ये परस्पर घालून दिला होता. केबलवाल्याला फोन केला तर तो जतला, सासऱ्यांकडे, पाटावर बसलेला होता. फोन त्याच्या मेव्हण्यानं उचलला आणि 'दाजी ओवाळून घेतायत' म्हणून ठेवला. अख्खा जिल्हा त्या दिवशी ओवाळून घेत होता.

राहता राहिली ती दोन बटणं. आणि तिथं खरी अडचण होती, कारण राउटर देवघरात होता.

केबल घरात घ्यायला भोक पाडायचं नाही अशी नानांची अट होती आणि आयतं भोक होतं ते देवघराच्या खिडकीला. तेव्हा राउटर देव्हाऱ्याच्या शेजारच्या कोनाड्यात बसला. हळूहळू त्याचं देवात रूपांतर झालं. रोज एक फूल, दसऱ्याला हळदकुंकू, संक्रांतीला हलवा. बटणांखालची अक्षरं कुंकवात केव्हाच बुजून गेली होती. आणि अधिक महिन्यात देवघरात जायचं म्हणजे सोवळ्यातच जायचं. आम्ही सगळे जेवलेले. मुलीही आमच्या शेजारी जोडीनं जेवलेल्या. जेवलेल्या माणसाचं सोवळं संपलेलं असतं. घरात न जेवलेलं माणूस एकच होतं.

"मी दाबते की," सासूबाई म्हणाल्या. "मी अजून सोवळ्यातच आहे. मशीन जोडून झालं की मगच पान घेईन."

आता झाली का पंचाईत. म्हणजे आमचं मशीन जोडून होईपर्यंत त्या उपाशी. मी म्हटलं, आई, तुम्ही जेवून घ्या. त्या म्हणाल्या, जेवले तर मग दाबणार कोण?

पुढचा प्रश्न खुणेचा. माडीवरून देवघरात हाक पोचत नाही, आणि पोचली तरी जावयांना खालून ओरडून हाक मारायची कशी? सासूबाईंनीच तोड काढली. त्या देवघरात बटण दाबतील आणि लगेच घंटा वाजवतील. घंटा ऐकली की आम्ही वर दाबायचं.

"अहो, तुम्हीही वर बसा," त्या नानांना म्हणाल्या. "जावयांना एकटं सोडायचं नाही. काही लागलं-सवरलं तर."

नानांची दुपारची जागा म्हणजे माजघराच्या दारातला झोपाळा. मागच्या दारानं भाजी येवो, मांजर जावो, नानांच्या पायांवरूनच. झोपाळा सोडून ते सहसा उठत नसत. पण बोलावणं मानाचं होतं. ते वर आले, आरामखुर्चीत बसले आणि आमचं काम बघू लागले. ज्या अधिकाऱ्याला धरण नको असतं, तो पाहणीला येतो तेव्हा जसा बसतो, तसे.

पहिल्या नारिंगी दिव्यानंतर अनघा जिन्यात आली. आई म्हणते, तिनं दाबलं. नीट दाबलं.

दुसऱ्यांदा घंटा. निळा, निळा, नारिंगी.

तिसऱ्यांदा अभिरामरावांनी मला बाजूला सारलं. माझा अंगठा लवकर सुटतो, असं त्यांचं निरीक्षण होतं. त्यांनी दाबून धरलं, त्यांच्या नखाचा रंग बदलेपर्यंत. नारिंगी.

"टेबल हलतंय," ते म्हणाले.

"टेबलाचा आणि वायफायचा काय संबंध?"

"व्हायब्रेशन असतं. मी फक्त एक शक्यता बोललो."

"टेबल सागवानी प्लायचं आहे. प्रिंटरचं खोकं मी वाचलं, त्यावर मात्र तीन नंबरच्या अक्षरात लिहिलंय, केबल सोबत नाही."

नानांच्या हातातला पंखा थांबला. दोन विष्णू एकमेकांवर चक्र उगारतायत आणि आपल्याला एकाचीही बाजू घेता येत नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. "दोघांचंही बरोबर आहे," ते म्हणाले. "चुकतंय ते हवेचं. उन्हात लहरी आळसतात."

हे ऐकून आम्ही दोघांनीही गंभीरपणे मान हलवली. सांगायला लाज वाटत नाही, त्या क्षणी मला ते पटलं होतं.

साडेतीन व्हायला आले होते. मी सारखा घड्याळ बघत होतो. खाली ती पाकिटं, ती बिचारी उपाशी बाई, आणि वर आम्ही तीन जेवलेले पुरुष एका दिव्याला ओलीस. अभिरामरावांची दाबायची पाळी होती म्हणून मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. खिडकीतून परसदार आणि मागचा बोळ दिसायचा. खाली घंटा वाजली. अभिरामरावांनी दाबलं. आणि बोळातून मगदूमवहिनी आत आल्या, पाठोपाठ आणखी दोघी. डोक्यावर पदर, काखेत रिकाम्या पिशव्या.

"नाना, मगदूमवहिनी आल्यात वाटतं."

"येणारच," दिव्यावरची नजर न हलवता नाना म्हणाले. "घंटा ऐकून आरती समजतात. अधिक महिना आहे. प्रसाद घेतल्याशिवाय जायच्या नाहीत. येऊ देत."

थोड्या वेळानं त्या बाहेर पडल्या. पिशव्यांच्या वजनानं तिघी एकेका बाजूला कलल्या होत्या.

"प्रसाद बराच दिसतोय," मी म्हटलं.

"हिचा हात सढळ आहे," नाना म्हणाले. "म्हणून तर मी म्हणतो, आपल्या घरातनं वाटायचं असतं, विकायचं नसतं. वाटलं की नाव राहतं."

दिवा नारिंगी झाला.

मग मात्र मला राहवेना. एकदा स्वतः बघून येतो म्हणून मी जिना उतरलो. माजघराचं दार लोटलेलं होतं. रेवती दाराला पाठ लावून उभी होती आणि मला बघून उगाचच पदराशी चाळा करू लागली. ती नेहमी पंजाबी ड्रेस घालते, त्या दिवशी साडी होती, म्हणून मी तो नवखेपणा समजलो. देवघराच्या उंबऱ्याशी मी थांबलो. सासूबाई सोवळ्याच्या रेशमी लुगड्यात पाटावर बसल्या होत्या. समोर कोनाड्यात राउटर, त्याच्या डोक्यावर जास्वंद. त्यांच्या एका हातात घंटा आणि दुसरा हात गालावर. गाडीची वाट बघत बसलेलं माणूस बसतं तशा बसल्या होत्या.

"आई, ते गोल बाणाचं बटण आहे बघा. कुंकवाखाली असेल."

"हो हो, तेच ते."

"तेच दाबताय ना?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. "जावईबापू, तुम्ही वर जा निर्धास्त. देव माझं ऐकतो, तर हा नाही का ऐकणार? फक्त यांना खाली येऊ देऊ नका हं. जिन्यानं गुडघे दुखतात त्यांचे."

मला भरून आलं. स्वतः उपाशी, टेबल हातचं जातंय, आणि काळजी कुणाची, तर नवऱ्याच्या गुडघ्यांची.

"चारच्या आत लेबलं हातात देतो, आई," मी म्हटलं. "शब्द देतो."

"तुमच्या तोंडात साखर पडो," त्या म्हणाल्या आणि चटकन तोंड राउटरकडे वळवलं. त्या रडतायत असं मला वाटलं. त्यांचे खांदे हलत होते.

मी दोन दोन पायऱ्या चढत वर आलो. मग जे झालं त्याला प्रयत्न म्हणणं चूक होईल, ते अनुष्ठान होतं. घंटा, दाबा, निळा, नारिंगी. प्रिंटर खिडकीजवळ नेला. घंटा, दाबा. प्रिंटरचं तोंड पूर्वेला केलं, ही सूचना नानांची. घंटा, दाबा. अभिरामरावांनी बूट घालून पाहिले, विजेचा काहीतरी संबंध म्हणून. नाना दोनदा उठायला लागले, चहाचं बघतो म्हणून, आणि दोन्ही वेळा मी त्यांना खांदे धरून परत बसवलं. तुमचे गुडघे, नाना. त्यांनी गुडघ्यांकडे नवलानं बघितलं, पण जावयापुढे बोलणार काय?

आणि मग बोळाच्या टोकाला टेंपोचा हॉर्न वाजला. लांबलचक, दोनदा.

टेंपो सुरू झाल्याचा आवाज आला, मग वळल्याचा, मग नुसतं ऊन राहिलं.

"राहिलं," नाना म्हणाले. पंखा मिटून त्यांनी मांडीवर ठेवला. "तुम्ही काही कमी केलं नाहीत. पुढच्या वर्षी बघू. चहा टाकायला सांगा कुणीतरी."

मला त्या माणसाचा इतका राग आला की मी पुन्हा प्रिंटरसमोर जाऊन बसलो. लेबलं तरी निघालीच पाहिजेत. आता कशाला, असं अभिरामराव म्हणाले. त्यांनी बूट काढले होते आणि ते एकदम माझ्या वयाचे दिसायला लागले होते. मी घंटेची वाट बघितली. घंटा वाजेना. बराच वेळ वाजेना.

रेवती चहा घेऊन वर आली. मी म्हटलं, आईंना सांग, शेवटचं एकदा. ती म्हणाली, "थांब, मीच दाबते."

"तू सोवळ्यात नाहीस," नाना म्हणाले.

"ठीक आहे, नाना," एवढंच म्हणून ती खाली गेली. देवघरातून तिचा आवाज आला. हाक माडीवर अगदी स्वच्छ पोचत होती.

"दाब रे!"

मी दाबलं. निळा दिवा एकदा लुकलुकला, दोनदा लुकलुकला आणि स्थिर झाला. निळाच. प्रिंटरनं घसा खाकरला.

काही क्षण आम्हाला कळेचना काय झालं ते. मग अभिरामरावांनी मला मिठी मारली. टेबल हललं, पण त्यावर कुणी बोललं नाही. अनघानं मोबाइलवरून लेबलं सोडली आणि प्रिंटर एकामागून एक पानं ओकायला लागला. सुबक महिरप, 'करंबेळकर यांचे घरगुती मेतकूट', प्रत्येक पानावर ओळीनं. मी ती ऊन ऊन पानं छातीशी धरली आणि जिन्यावरून धावलो. टेंपो गेला तर गेला, मोटरसायकल आहे, मी स्वतः कोल्हापूरला नेऊन पोचवीन पाकिटं.

माजघर रिकामं होतं.

म्हणजे झोपाळा होता, पाट होते, आमची उष्टी पानंही होती. पाकिटं नव्हती. देवघरात पाटावर रेशमी लुगड्याची घडी होती आणि घडीवर घंटा.

माझ्यामागे नाना उतरले, गुडघ्यांना काहीही न होता. त्यांनी माजघर बघितलं, देवघर बघितलं. "अगं, ऐकलंस का?" अशी स्वयंपाकघराच्या दिशेनं हाक मारली. पस्तीस वर्षांत त्या हाकेला पहिल्यांदाच ओ आली नाही.

"आई टेंपोत बसून गेली, नाना," रेवती म्हणाली. "परवा येईल."

"जेवल्या नव्हत्या ना त्या?" मी विचारलं. मला तेच सुचलं.

"मगदूमवहिनींकडे जेवली अकरा वाजताच. पोटभर."

"मग सोवळं?"

रेवतीनं माझ्याकडे दयेनं बघितलं. अभिरामराव मात्र अजून मशीनमध्येच अडकलेले होते. ते म्हणाले, पण मग एवढा वेळ का जोडलं जात नव्हतं, आई तर दाबत होत्या.

"आई बटणाला हातच लावत नव्हती," अनघा म्हणाली. "ती नुसती घंटा वाजवत होती. घंटा वाजली की तुम्ही तिघं दिव्याकडे टक लावून बसायचात. तेवढ्या वेळात मागच्या दारानं एक खेप जायची."

माझ्या डोळ्यांपुढून त्या तीन कललेल्या बायका गेल्या. मी शब्द दिला तेव्हा हललेले सासूबाईंचे खांदे गेले.

नाना झोपाळ्यावर बसले. झोपाळा हलला नाही. "म्हणजे लेबल न लावताच?"

"लेबलं झाली होती," अनघा म्हणाली. "आठवडाभर मगदूमवहिनींकडे बसून लिहिली सगळ्यांनी."

"हातानं?"

"हातानं."

नानांचा चेहरा लाल झाला. मी अट घातली होती, ते म्हणाले. माझ्या तोंडावर बरं म्हणाली आणि माझी अट मोडली. माझ्या घरात, माझ्या जावयांसमोर. ते आणखीही बरंच बोलले. अनघा आत गेली आणि एक पाकीट घेऊन आली. घाईत एक खाली पडून राहिलं होतं. तिनं ते नानांच्या हातात दिलं.

नानांनी चष्मा लावला. पाकिटावर निळ्या शाईत ठळक, जरा तिरप्या अक्षरांत लिहिलं होतं: 'कुंदाचं मेतकूट'. बस. पुढे-मागे काही नाही. त्यांनी पाकीट उलटं करून बघितलं. परत सुलटं केलं.

"करंबेळकर कुठंय?"

"तुम्हीच म्हणालात ना, नाना," रेवती म्हणाली. "करंबेळकरांचं नाव हातानं खरडून बाजारात जाणार नाही. आईनं नाही खरडलं."

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभरात किती अटी घातल्या असतील, देव जाणे. त्यांतली एक कुणीतरी शब्दशः पाळली होती. ते पाकीट हातात घेऊन कितीतरी वेळ बसून राहिले. चहा गार झाला. आम्ही दोघं विष्णू छापील पानं घेऊन भिंतीशी उभे होतो, शाळेत निकाल ऐकायला उभं राहतात तसे.

सकाळी उठलो तर नाना घरात नव्हते. छापील पानांचा गठ्ठाही नव्हता. कात्री नव्हती, डिंकाची बाटली नव्हती. पहिल्या एसटीनं ते कोल्हापूरला गेले होते.

पुढचं मगदूमवहिनींनी सांगितलं. प्रदर्शनात ही गर्दी. नाना गर्दीतून वाट काढत टेबलापाशी आले आणि काखेतला गठ्ठा पुढे करून म्हणाले, लेबलं आणलीत. छापील आहेत. लावतो. कुंदाताई एका गिऱ्हाइकाला मेतकूट भातावर घ्यायचं की दह्यात कालवायचं ते सांगत होत्या. त्यांनी सांगून पूर्ण केलं. मग नवऱ्याकडे वळल्या.

"म्हटलं, आता हितं उभं भांडण हुतंय," मगदूमवहिनी म्हणाल्या. "पर ताई कशा, एकदम थंड. म्हनल्या, 'लावा की. माझी काय हरकत आहे? पण एक अट आहे.'"

अट अशी की, कुंदा झाकली जाणार नाही. करंबेळकर खाली लावायचे.

नाना टेबलामागे खुर्ची घेऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत कापत, चिकटवत राहिले. दुपारी कुंदाताईंनी त्यांना डब्यातला एक धोंडा दिला. जावई नव्हते ते, तरी दिला.

अजूनही पाकीट तसंच येतं. वर तिरप्या अक्षरांतली कुंदा, आता तीही छापलेली, आणि खाली बारीक महिरपीत करंबेळकर. लोकांना वाटतं, कुणा चित्रकारानं मुद्दाम तसं केलंय. झोपाळा हल्ली रिकामा असतो. नाना माडीवर असतात, माझ्या टेबलापाशी, अभिरामरावांच्या प्रिंटरसमोर. लेबलं संपत आली की सासूबाई खाली देवघरातली घंटा वाजवतात.

घंटा वाजली की नाना दाबतात.